छायाचित्रकाराचा हक्क आणि त्याच्या मर्यादा

१५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री झाशी येथील महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागाला आग लागली. खिडक्या फोडून अनेक बालकांना बाहेर काढण्यात आले. तरीही त्या रात्री दहा बालके दगावली. अशा दुर्घटनेच्या वेळी रस्त्यावर उभ्या असलेल्या हौशी छायाचित्रकाराला अग्निशमन दल, रुग्णवाहिका किंवा पोलीस यांची छायाचित्रे काढता येतात काय?

सार्वजनिक जागेवरून छायाचित्र काढण्यास सरसकट मनाई करणारा कायदा आपल्या देशात नाही. संविधानाच्या कलम १९ ने दिलेल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा आधार छायाचित्रणालाही आहे. मदत वेळेवर पोहोचली की नाही, वाट मोकळी होती की नाही, याचा पुरावाही छायाचित्रातून मिळू शकतो. मात्र रुग्णालयाच्या आत तेथील नियम पाळावे लागतात.

या हक्काला तीन मर्यादा आहेत. पहिली मर्यादा बचावकार्याची. लोकसेवकाच्या कामात जाणूनबुजून अडथळा आणणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२१ नुसार गुन्हा आहे. म्हणून मागे सरण्यास सांगितल्यास मागे सरावे.

दुसरी मर्यादा सुरक्षिततेची. झाशीत लष्कराची मोठी छावणी आहे. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ अन्वये संरक्षणविषयक ठिकाणे 'निषिद्ध स्थान' ठरतात. पोलीस ठाणे मात्र असे स्थान नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने वर्धा येथील एका प्रकरणात २०२२ मध्ये दिला. ठाण्यात चित्रीकरण केल्याबद्दल या अधिनियमाखाली नोंदवलेला गुन्हा न्यायालयाने रद्द केला.

तिसरी मर्यादा माणसाच्या खासगीपणाची. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. बालक गमावलेल्या मातेचा चेहरा टिपणे शक्य असले, तरी तो प्रसिद्ध करण्यापूर्वी तिच्या दुःखाचा विचार व्हायला हवा.

कोणी आक्षेप घेतल्यास वाद न घालता कारण विचारावे. गुन्ह्याशी संबंध असल्याचा संशय असल्यास पोलीस कॅमेरा जप्त करू शकतात. परंतु त्याची माहिती त्यांना दंडाधिकाऱ्यांना द्यावी लागते. छायाचित्रे पुसून टाकायला लावण्याचा सर्वसाधारण अधिकार कायद्याने पोलिसांना दिलेला नाही. आपला हक्क जाणणाऱ्याने रुग्णवाहिका येताच कॅमेरा खाली घेऊन आधी वाट मोकळी करून द्यावी.