नाणं तेच, शिक्का नवा!

जालन्यात मस्तगडला आत्याकडे गेलं की आधी चहा, मग गप्पा. या वेळी मात्र आधी डबा उघडला. आत पाच चांदीचे रुपये. चारमिनार छापलेले. हाली सिक्का! निजामाचं स्वतःचं चलन. १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं, तरी ही नाणी १९५९ पर्यंत चालत होती.

"नातवाच्या बारशाला वाळे करायचेत. आटवून टाकू," आत्या म्हणाली.

मला एकदम जोगलटेंभी आठवलं. नाशिक जिल्ह्यातलं हे गोदाकाठचं गाव. १९०६ मध्ये तिथे चांदीच्या नाण्यांचं घबाड सापडलं. किती? १३ हजारांवर, बॉस! सगळी क्षत्रप राजा नहपानाची. एका बाजूला त्याचा चेहरा, भोवती चक्क ग्रीक अक्षरं! उत्तरेतल्या ग्रीक राजांच्या नाण्यांचा 'लूक' बाजाराच्या ओळखीचा होता, तोच उचलला. तिकडे युरोपात डॅन्यूबकाठच्या केल्ट टोळ्यांनीही हेच केलं. मॅसिडोनियाच्या दुसऱ्या फिलिपची चांदीची नाणी समोर ठेवून स्वतःची पाडली. नक्कल करता करता चेहरा आणि घोडा इतका बदलला, की खुद्द फिलिपनंही ओळखला नसता.

सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाला हरवलं. सातवाहनांचं पैठण आमच्या जालन्यापासून काही फार लांब नाही, म्हणून हा जरा आपल्यातलाच वाटतो. या पठ्ठ्यानं शत्रूची चांदी आटवली नाही. घबाडातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर आपला शिक्का ठोकला. एकीकडे तीन कमानींची टेकडी आणि प्राकृतात स्वतःचं नाव, दुसरीकडे उज्जैन चिन्ह. काम झटपट, आणि नाणं हातात घेणाऱ्या प्रत्येकाला कळणार, आता राज्य कुणाचं! मजा म्हणजे कित्येक नाण्यांवर शिक्क्याखालून नहपानाचं नाक अजून डोकावतं. क्षहरातांचं, म्हणजे नहपानाच्या घराण्याचं, निर्मूलन केल्याचं नाशिकच्या लेण्यातला शिलालेख सांगतोच. पण शिलालेख राजघराण्यानं कोरवलेला, फुशारकी असायचीच! इथे हरलेला आणि जिंकलेला, दोघं एकाच नाण्यावर. आटवली असती, तर हा पुरावा गेला असता.

हे सगळं मी आत्याला ऐकवलं. तिनं एक रुपया उलटसुलट केला.

"हा तुझ्या आजोबांच्या पहिल्या पगारातला," ती म्हणाली. हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं!

तो रुपया तिनं पुन्हा डब्यात टाकला. उरलेल्या चारांत वाळे बसतात का, ते उद्या सराफाला विचारायचंय.