इंजिनिअरिंगचे कॉलेज मोठे कशाने होते?

बारावीचा निकाल लागला आणि सीईटीचे गुण हाती आले की लकडगंजच्या टालींवर, आरा मशीनवर आणि इतवारीच्या गोदामांत एकच चर्चा सुरू होते. पोराला इंजिनिअरिंगला घालायचे, पण कुठे? ओंडके वाहून खांदे झिजलेला बाप म्हणतो, कॉम्प्युटरच पाहिजे. चार घरची धुणीभांडी करणारी आई म्हणते, पोरगी घरून ये-जा करील असे कॉलेज पाहा. शेजारी सांगतो, अमक्या कॉलेजची इमारत पाच मजली आहे. कुणी सांगतो, तमक्या कॉलेजात यंदा जागा दुप्पट झाल्या, नंबर नक्की लागेल.

इमारत आणि जागा या दोन गोष्टी रस्त्यावरूनही दिसतात. कॉलेज मोठे होते ते मात्र रस्त्यावरून न दिसणाऱ्या गोष्टींनी. आत कायमचे शिक्षक किती आहेत, प्रयोगशाळेत विद्यार्थ्याच्या हाताला काम मिळते का, ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते आणि गरिबाचे मूल चार वर्षे टिकून पदवी घेऊन बाहेर पडते का, हे खरे मोजमाप. आपल्या घरातला पैसा घामाचा आहे आणि मुलाच्या आयुष्यातली ही चार वर्षे पुन्हा मिळत नाहीत. म्हणून अशी शिक्षणसंस्था चालते कशी आणि वाढते कशी, हे आपल्यासारख्या कष्टकरी कुटुंबांनीही समजून घेतले पाहिजे.

१९४२ चे नागपूर

या विषयात नागपूरला आणि आपल्या चळवळीला १९४२ हे साल फार महत्त्वाचे आहे. त्या वर्षी १८ आणि १९ जुलैला नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा जन्म झाला. २० जुलैला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिलांची परिषद झाली. त्याच महिन्यात परमपूज्य बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री म्हणून सूत्रे हाती घेतली.

मंत्रिपदावर बसून तीन महिने होतात न होतात तोच, २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी व्हाइसरॉयला अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे एक सविस्तर निवेदन दिले. त्यात शिक्षणाविषयी त्यांनी मांडलेला विचार आजही प्रत्येक घरात पोचला पाहिजे. नुसत्या कला आणि कायद्याच्या शिक्षणाने आपल्या समाजाचा फारसा लाभ होणार नाही. विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षणच त्याला वर काढील. पण हे शिक्षण इतके खर्चिक आहे की समाजाच्या आवाक्यात ते येऊ शकत नाही, म्हणून तो भार सरकारने उचलला पाहिजे. देशातील विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी वर्षाला २ लाख आणि परदेशी शिक्षणासाठी १ लाख रुपये त्यांनी मागितले. १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपली मुले ज्या शिष्यवृत्तीवर इंजिनिअर होतात, तिचे मूळ तिथे आहे.

स्वतः कायद्याचे आणि अर्थशास्त्राचे पंडित असलेल्या बाबासाहेबांनी तंत्रशिक्षणासाठी असा आग्रह धरावा, यातच त्यांची दूरदृष्टी दिसते.

दानातून संस्था, संस्थेतून विद्यापीठ

त्याच १९४२ साली नागपूर विद्यापीठाची लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था सुरू झाली. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण १९३० साली वारले. त्यांनी आपल्या मृत्युपत्रात उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्राच्या शिक्षणासाठी सुमारे ३५ लाख रुपये नागपूर विद्यापीठाला ठेवले होते. त्या काळी ही रक्कम केवढी मोठी असेल याची कल्पना करा. विद्यापीठही तेव्हा लहान होते, १९२३ साली स्थापन झालेले. पैसा हाती असूनही संस्था उभी राहायला १२ वर्षे गेली. पैशाने भिंती उभ्या राहतात. प्रयोगशाळा लावायला, शिकवणारी माणसे आणायला आणि अभ्यासक्रम बसवायला वेळ लागतो.

अमरावती रोडवरच्या या संस्थेत केमिकल इंजिनिअरिंगबरोबर तेल, अन्न, कागद, रंग आणि प्लॅस्टिक यांचे तंत्रज्ञान शिकवले जाऊ लागले. विदर्भात पिकणारा, सापडणारा माल आणि त्याला लागणारे शास्त्र यांची सांगड तिने घातली. जगात नाव झाले ते या कामाने. पुढे २०२३ साली राज्य शासनाने तिला स्वतंत्र विद्यापीठाचा दर्जा दिला. जे १९४२ मध्ये विद्यापीठाचे लेकरू होते, ते ८१ वर्षांनी वेगळे घर करून राहू लागले.

वेगळे घर केले की जबाबदारीही आपली होते. कॉलेज एखाद्या विद्यापीठाशी संलग्न असते तेव्हा अभ्यासक्रम, प्रश्नपत्रिका, निकाल आणि पदवी हे सारे विद्यापीठ पाहते. स्वायत्त झाले की अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेजच्या हाती येतात, पदवी मात्र विद्यापीठाची राहते. स्वतःच विद्यापीठ झाले की कुलगुरू, परीक्षा विभाग, पैशाचा हिशेब, पदवी, सगळेच स्वतःचे. चांगले शिक्षक असतील तर या स्वातंत्र्यात अभ्यासक्रम दरवर्षी ताजा ठेवता येतो. शिक्षकांच्या खुर्च्याच रिकाम्या असतील तर नुसती पाटी बदलते.

जागा वाढल्या, शिक्षक किती वाढले?

नागपुरात १९६० साली विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. २००२ मध्ये ते अभिमत विद्यापीठ होऊन व्हीएनआयटी झाले आणि २००७ मध्ये राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरले. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्यात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांची वाट मोकळी झाली. १९८४ या एकाच वर्षी यशवंतराव चव्हाण, रामदेवबाबा आणि आपल्या पूर्व नागपुरातले नंदनवनचे कर्मवीर दादासाहेब कन्नमवार ही तीन कॉलेजे सुरू झाली. २०१६ मध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि ट्रिपल आयटी या दोन सरकारी संस्थांची भर पडली.

आता सगळीकडे फुगली आहे ती कॉम्प्युटरची शाखा. याचे कारण साधे आहे. मेकॅनिकलसाठी लेथ, वेल्डिंग आणि ओतकामाची कार्यशाळा लागते. सिव्हिलसाठी सिमेंट-काँक्रीट तपासायची यंत्रे लागतात. कॉम्प्युटरसाठी खोली, टेबले, वीज आणि संगणक आणले की वर्ग उभा राहिल्यासारखा दिसतो. वरून नोकरीची मागणी आणि पालकांचा ओढा. त्यात २०२४-२५ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी एका शाखेतील जागांची कमाल मर्यादा काढून टाकली.

इथे थोडा हिशेब करू. परिषदेच्या नियमाप्रमाणे पूर्वी १५ विद्यार्थ्यांमागे १ शिक्षक लागत असे. २०१८-१९ पासून हे प्रमाण २० मागे १ झाले. एका शाखेत वर्षाला ६० जागा असतील तर चार वर्षांचे मिळून २४० विद्यार्थी झाले. त्यांना जुन्या नियमाने १६ शिक्षक लागत, आता १२ पुरतात. त्याच शाखेच्या जागा १८० केल्या तर विद्यार्थी ७२० आणि शिक्षक ३६ हवेत. म्हणजे २४ नवे शिक्षक आणावे लागतील. ते कुठून येणार? ज्याला उत्तम प्रोग्रॅमिंग येते त्याला कंपनी कॉलेजपेक्षा जास्त पगार देते. मग कॉलेज काय करते? कालच पास झालेल्या मुलाला तासिका तत्त्वावर उभे करते. तो बिचारा दोन-चार कॉलेजांत धावत तास घेतो आणि दुसरी नोकरी लागली की निघून जातो. संगणकही चार-पाच वर्षांत जुने होतात, ते बदलायला दरवेळी पैसा लागतो.

रिकाम्या जागेत आपल्या समाजाचे दुहेरी नुकसान आहे. एक तर आपल्या मुलाला शिकवणारा नसतो. आणि भरती न होणाऱ्या पदांत आपल्या पीएच.डी. झालेल्या मुलामुलींसाठी राखीव असलेली पदेही अडकून पडतात. केंद्रीय संस्थांत शिक्षकांचे आरक्षण विभागवार मोजायचे की संपूर्ण संस्था धरून, यावर मोठा वाद झाला. विभागवार मोजले तर लहान विभागात राखीव पद निघतच नाही. देशभर आंदोलन झाले आणि २०१९ च्या कायद्याने संपूर्ण संस्था हेच एकक ठरले. कायदा झाला, पण जाहिरात निघाली नाही तर कायद्याचा उपयोग काय?

बाबासाहेबांच्या नावाचे विद्यापीठ

रायगड जिल्ह्यात, चवदार तळ्याच्या महाडपासून थोड्याच अंतरावर, लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. १९८९ च्या कायद्याने ते स्थापन झाले. १९२७ साली ज्या परिसरात पाण्याच्या ओंजळीसाठी सत्याग्रह करावा लागला, तिथे त्याच महामानवाच्या नावाने तंत्रज्ञानाचे विद्यापीठ उभे राहिले, ही आपल्या सर्वांसाठी अभिमानाची गोष्ट आहे. सुरुवातीला ते एका आवारापुरते होते. २०१४ च्या कायद्याने त्याला राज्यभरातील कॉलेजे संलग्न करून घेण्याचा अधिकार मिळाला.

बाबासाहेबांनीच १९४५ मध्ये स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय आणि औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, १९५० साली मिलिंद महाविद्यालय काढले. त्याच नागसेनवनात सोसायटीचे इंजिनिअरिंग कॉलेज १९९४ साली निघाले. आपल्या दीक्षाभूमीवर १९६४ पासून डॉ. आंबेडकर महाविद्यालय चालते. या संस्थांच्या जयंतीला आपण हार घालतो. त्यांच्या प्रयोगशाळा, पदभरती आणि वसतिगृहे यांची चौकशी आपण किती वेळा करतो?

शिष्यवृत्तीचे गणित

पालकांनी खालील बाबी नीट लक्षात ठेवाव्यात.

वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. उत्पन्न त्याहून जास्त असेल तरी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची फ्रीशिप असते. दोन्हींसाठी प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला की हा हक्क जातो. "आधी कोट्यातून या, शिष्यवृत्ती नंतर बघू" असे सांगणाऱ्या दलालापासून दूर राहा.

अलीकडे शिष्यवृत्तीतला केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येतो आणि त्यातली फी कॉलेजात भरावी लागते. घरात पैशाची ओढ असते, खात्यात एकदम रक्कम दिसते, कुणाचे दवाखान्याचे बिल निघते. पण तो पैसा वापरला गेला तर शेवटच्या वर्षी गुणपत्रिका आणि दाखला अडतो.

खासगी विद्यापीठांचे फीचे आणि सवलतींचे नियम वेगळे असतात. तिथे आपली शिष्यवृत्ती लागू आहे का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्या. घरापासून दूर शिकणाऱ्या आणि शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. व्हीएनआयटी आणि ट्रिपल आयटीसारख्या केंद्राच्या संस्थांत बौद्ध विद्यार्थ्यांना अनुसूचित जातीच्या राखीव जागा मिळतात, त्या १९९० च्या घटना आदेशातील दुरुस्तीमुळे. त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातले जातीचे प्रमाणपत्र आणि राज्याच्या कॉलेजांसाठी जात वैधता प्रमाणपत्र बारावीच्या आधीच काढून ठेवा. बारावीत गुण कमी पडले तरी खचू नका. दहावीनंतर किंवा आताही पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येते.

कॉलेजात जाऊन काय विचारायचे?

भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले की परंपरेने आले म्हणून, मोठ्या माणसाने सांगितले म्हणून काही मानू नका. स्वतः पारखून घ्या. कॉलेजलाही हाच न्याय लावा. जाहिरातीवर जाऊ नका. प्रवेशाआधी आई-वडिलांनी मुलासोबत एक दिवस तिथे जावे, मजुरी बुडाली तरी चालेल, आणि विचारावे:

या शाखेत विद्यार्थी किती आणि कायम शिक्षक किती? वर केलेला हिशेब तिथेच कागदावर मांडा. प्रयोगशाळेत एका संगणकावर किती मुले बसतात? तास संपल्यावर प्रयोगशाळा उघडी असते का? ज्याच्या घरी कॉम्प्युटर नाही त्या मुलासाठी हा सर्वांत मोठा प्रश्न आहे. शाखेला राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाची मान्यता आहे का? मागच्या तुकडीतली किती मुले चार वर्षांत पास झाली? फीच्या पावतीत शिक्षण शुल्काशिवाय आणखी काय काय आहे? अनुसूचित जाती-जमाती कक्ष कुठे आहे, आणि रॅगिंग किंवा जातीवरून त्रास झाला तर तक्रार कुणाकडे करायची?

विचारायला लाजू नका. आपली इंग्रजी मोडकी असेल, कपडे साधे असतील, पण शिष्यवृत्तीच्या रूपाने त्या कॉलेजच्या तिजोरीत जाणारा पैसा बाबासाहेबांनी आपल्यासाठी भांडून मिळवलेला आहे. त्याचा हिशेब मागण्याचा अधिकार आपला आहे.

प्रत्येक वस्तीतल्या बुद्धविहाराने मे-जूनमध्ये एक रविवार यासाठी राखून ठेवावा. समाजातले इंजिनिअर, प्राध्यापक, बँकेत काम करणारे बंधू-भगिनी यांनी त्या दिवशी दोन तास बसून मुलांचे फॉर्म भरून द्यावेत आणि कॉलेजांची माहिती सांगावी. विहारात दोन जुने पण चालू संगणक आणि इंटरनेटची सोय करून संध्याकाळी मुलांना बसू द्यावे. जयंतीच्या मंडपाच्या खर्चातून हे सहज होण्यासारखे आहे. लकडगंजच्या आरा मशीनवर बापाने लाकूड कापले, म्हणून मुलानेही तेच करावे असे कुठे लिहिलेले नाही. मात्र त्याला वरच्या वर्गात नेणारी पायरी पक्की आहे की पोकळ, हे पाय ठेवण्याआधी आपणच ठोकून पाहिले पाहिजे.

जयभीम!