पाण्यातून येणारी सोवेई

संग्रहालयात आफ्रिकी मुखवटा दिसला की नजर आधी चेहऱ्यावर जाते. सिएरा लिओनमधल्या मेंडे लोकांचा सोवेई मुखवटा मात्र खालच्या कडेपासून पाहायला घ्यावा. त्या कडेला ओळीने भोकं असतात. काळ्या रंगवलेल्या राफियाच्या, म्हणजे एका जातीच्या ताडाच्या पानांपासून काढलेल्या तंतूंच्या, दाट झिरमिळ्या त्यांतून बांधतात. या झिरमिळ्या नर्तकीचं अंग पार झाकून टाकतात. काचेआड उरतं ते फक्त लाकडी डोकं. बाकीची सोवेई तिथे नसतेच, आणि म्हणून ती कळतही नाही.

हा मुखवटा चेहऱ्यापुढे बांधायचा नसतो. आतून पोकळ असा हा लाकडी टोप डोक्यावरून खांद्यांपर्यंत उतरतो. तो घालते स्त्री, आणि हीच त्याची सगळ्यात मोठी ओळख. आफ्रिकेत बहुतेक ठिकाणी मुखवटे कोरतात पुरुष आणि नाचवतातही पुरुषच. इथे कोरणारा पुरुष असतो, पण मुखवटा सांडे या स्त्रियांच्या संघटनेच्या ताब्यात राहतो. वयात येणाऱ्या मुलींना गावापासून दूर, रानातल्या आवारात ठेवून प्रौढ स्त्रीचं जगणं शिकवायचं, ही सांडेची परंपरा. संघटनेतल्या वरिष्ठ स्त्रियांनाही सोवेई म्हणतात.

मेंडे श्रद्धेप्रमाणे सोवेई मुखवटा हे सांडेच्या आत्मशक्तीचं रूप, आणि ही शक्ती पाण्यात, नदीच्या तळाशी राहते. मुखवट्याची घडण याच कल्पनेतून आली आहे. हलकं लाकूड कोरून झालं की पानांच्या रसाने ते काळं करतात आणि तेल चोळून चकाकी आणतात. अलीकडे बुटाचं पॉलिशही वापरतात. ही चकाकी नुकत्याच पाण्याबाहेर आलेल्या ओल्या अंगाची. मानेवर एकाखाली एक वळ्या असतात. डोकं पाण्यातून वर येताना भोवती उठणारे तरंग, असा त्यांचा एक अर्थ सांगतात. भरल्या अंगाची, आरोग्याची आणि सुबत्तेची ती खूण आहे, असंही सांगतात. मला यातला एक अर्थ निवडून दुसरा टाकावासा वाटत नाही. पाण्यातून आलेली शक्ती बाईच्या भरल्या देहात दिसावी, हेच तर या मुखवट्याला साधायचं आहे.

चेहरा मात्र लहान, जवळजवळ कपाळाखाली दबलेला. रुंद उंच कपाळ शहाणपणाचं. डोळे खाली झुकलेले, चिरेएवढे. तोंड इवलंसं आणि मिटलेलं, कारण सांडेत शिकलेलं बाहेर बोलायचं नसतं. वर केशरचनेचा थाट असतो आणि कोरणाऱ्याचा हात तिथे मोकळा सुटतो. वेण्या, पक्षी, साप, काय वाटेल ते. ब्रिटिश म्युझियममध्ये 1886 साली पोचलेल्या एका सोवेईच्या डोक्यावर चक्क युरोपीय पद्धतीची उंच हॅट कोरलेली आहे. परक्यांच्या अधिकाराची खूणही या स्त्रियांनी आपल्या आत्मशक्तीच्या माथ्यावर चढवून घेतली, आणि मला ती फार धीट गोष्ट वाटते.

आता प्रत्यक्ष नाच. मुखवट्याला आणि नाचणाऱ्या रूपाला स्वतःचं नाव असतं. आतल्या बाईची कातडी कुठेही दिसता कामा नये, म्हणून हातपायही कापडाने झाकतात. ही मूर्ती बोलत नाही. जे सांगायचं ते हालचालीतून. सोबतच्या स्त्रिया सेगबुरा नावाचे, मण्यांच्या जाळीत गुंफलेल्या भोपळ्याचे खुळखुळे वाजवतात, गातात, तिची निगा राखतात. मुली रानात असताना त्यांच्या अंगाला पांढरी माती फासलेली असते. दीक्षा पुरी झाली की ती धुतली जाते आणि त्या सजून गावात परततात. तेव्हा काळी, चमकती सोवेई गावासमोर नाचते. या मुलींनी कसं व्हावं, ते गावाला आणि मुलींनाही डोळ्यांसमोर दिसतं.

तिच्या जोडीला कधी गोंडे येते. तिचा मुखवटा ओबडधोबड, अनेकदा जुना झालेला, टाकून दिलेला सोवेईच असतो. गोंडे बोलते, मागे लागते, लोकांना हसवते. सोवेईला जे जे वर्ज्य ते सगळं ती करते, आणि त्यामुळे सोवेईचा संयम अधिक उठून दिसतो.

या परंपरेचं कौतुक करताना एक गोष्ट झाकून चालणार नाही. सांडेच्या दीक्षेत मुलींच्या जननेंद्रियांचा भाग कापला जातो. त्यातून रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि आयुष्यभराचा त्रास ओढवू शकतो. 2014 साली सिएरा लिओनमध्ये सुरू झालेल्या इबोलाच्या साथीत या दीक्षांवर बंदी आली होती, पण साथ ओसरल्यावर त्या पुन्हा सुरू झाल्या. सिएरा लिओनमधल्याच अनेक स्त्रिया आज याविरुद्ध उभ्या आहेत. काही ठिकाणी त्यांनी रक्ताविना दीक्षा सुरू केली आहे. शिकवण, गाणी, नाच, गावात परतण्याचा सोहळा तसाच ठेवायचा, फक्त पातं काढून टाकायचं. मुखवट्याचा जो अर्थ वर पाहिला, त्यातल्या एकाही भागाला त्या पात्याची गरज लागत नाही.