घरच्या स्वयंपाकघरात व्हिएतनाम

परदेशप्रवासाची हौस घरी भागवायची म्हणजे त्या देशातले दोन-चार पदार्थ करून टेबलावर मांडायचे, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु कोणत्याही देशाचे खाणेपिणे तिथले हवामान, शेती, व्यापार आणि राजकीय इतिहास यांतून घडत आलेले असते, आणि ते तसे का घडले हे समजून घेऊन त्याच पद्धतीने व सबुरीने घरी केले, तरच त्या देशाशी खरी ओळख होते. व्हिएतनाम हे याचे उत्तम उदाहरण ठरते, कारण तांदूळ, नारळ, मूग, ऊस, लिंबू आणि मासळी ही तिथल्या आहारातील बरीचशी सामग्री महाराष्ट्रात आणि गोव्यात रोजच्या वापरातली आहे.

या देशात कॉफीचे रोप १८५७ च्या सुमारास फ्रेंच कॅथलिक मिशनऱ्यांनी आणले, आणि पुढे मध्य भागातील डोंगराळ पठारावर, विशेषतः दाक लाक प्रांतातील बुओन मा थुओत शहराच्या परिसरात, तिचे मळे पसरले. १९८६ मध्ये ‘दोई मोई’ या नावाने आर्थिक सुधारणा सुरू झाल्यानंतर ही लागवड इतकी वाढली की कॉफीच्या उत्पादनात आज ब्राझीलच्या खालोखाल व्हिएतनामचा क्रमांक लागतो. तिथले पीक प्रामुख्याने रोबस्टा जातीचे असून अरेबिका या दुसऱ्या प्रमुख जातीच्या तुलनेत त्यात कॅफीन सुमारे दुप्पट असते आणि चवही अधिक कडवट असते. उष्ण, दमट हवेत ताजे दूध टिकत नसे आणि दुभती जनावरे पाळण्याची मोठी परंपराही नव्हती, त्यामुळे फ्रेंच अमलात डब्यातील गोड, आटवलेले दूध, म्हणजेच कंडेन्स्ड मिल्क, कॉफीत घालण्याची रीत पडली. दुधाच्या टंचाईतून निघालेली ही वाट कडू रोबस्टाला इतकी मानवली की ताजे दूध मिळू लागल्यावरही ती बदलली नाही.

ही कॉफी ‘फिन’ नावाच्या धातूच्या छोट्या गाळणीतून थेट पेल्यात उतरते. पेल्याच्या तळाशी दोन मोठे चमचे कंडेन्स्ड मिल्क घालावे, वर फिन ठेवून तीत सुमारे २० ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी भरावी आणि तिच्यावर सच्छिद्र चकती हलकेच बसवावी. मग थोडेसे कढत पाणी घालून अर्धा मिनिट पूड फुलू द्यावी आणि नंतर ८० ते १०० मिलिलिटर पाणी ओतून झाकण ठेवावे. थेंब-थेंब गळून पेला भरायला चार-पाच मिनिटे लागतात. हा वेळ बसून गप्पा मारण्याचा असतो आणि तो टाळला तर या पेयाचे निम्मे मर्म हरवते. शेवटी दूध व कॉफी ढवळून बर्फाने भरलेल्या पेल्यात ओतली की ‘का फे सुआ दा’, म्हणजे बर्फाची दूधकॉफी, तयार होते. फिन नसेल तर दाक्षिणात्य फिल्टर चालतो, कारण दोन्हींचे तत्त्व एकच आहे. कॉफी मात्र चिकोरी न मिसळलेली आणि गडद भाजलेली घ्यावी. भारतातही रोबस्टाचे पीक अरेबिकापेक्षा जास्त असल्याने कोडगू किंवा वायनाडची पूड या कामी उत्तम ठरते.

अशाच टंचाईतून हनोईची अंड्याची कॉफी जन्मली. १९४६ मध्ये, युद्धामुळे दूध दुर्मिळ असताना, मेट्रोपोल हॉटेलात पेये तयार करणारे न्गुयेन व्हान जांग यांनी अंड्याचा बलक साखरेसह फेसून दुधाऐवजी वापरला. घरी दोन ताजे बलक आणि दोन चमचे कंडेन्स्ड मिल्क गरम पाण्याच्या भांड्यावर धरून फिकट व घट्ट होईपर्यंत फेसावे आणि कढत कॉफीवर अलगद सोडावे. कॉफी न पिणाऱ्यांसाठी उसाचा रस आहे. तिथे तो काढताना उसाबरोबर कुमक्वात हे लहानसे आंबट फळ चरकात घालतात, आणि त्याची उणीव इथे लिंबाने भरून निघते.

खाण्यात ‘गोई कुओन’ने आरंभ करावा. हे न तळलेले रोल तांदळाच्या पातळ, कागदासारख्या पापुद्र्यात बांधतात. पापुद्रा काही क्षण पाण्यात बुडवून मऊ करायचा आणि त्यात उकडलेली कोळंबी, तांदळाच्या शेवया, पुदिना, कोथिंबीर व काकडी घालून गुंडाळी करायची. शेवयांच्या जागी कोकणातले शिरवाळे चांगले शोभतात. जेवणाऱ्याने आपला रोल आपणच बांधण्याची पद्धतही तिथे प्रचलित आहे, आणि घरच्या पंक्तीत ती आवर्जून पाळावी.

रोलसोबतच्या ‘न्वोक चाम’ या पातळ चटणीचा आधार ‘न्वोक माम’ हा माशांचा अर्क असतो. मांदेलीच्या कुळातील अँकोव्ही ही बारीक मासळी मिठात मुरवून लाकडी पिंपांत सुमारे वर्षभर ठेवली की तो पाझरतो, आणि फू क्वोक बेटावरचा अर्क विशेष नावाजलेला आहे. तो, लिंबाचा रस आणि साखर समप्रमाणात घेऊन तिप्पट-चौपट पाणी, ठेचलेला लसूण व मिरची मिसळली की चटणी होते. शाकाहारी कुटुंबांनी अर्काऐवजी सोया सॉस व कोळंबीऐवजी टोफू घ्यावा. ही तडजोड मुळीच नव्हे, कारण चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक व्हिएतनामी बौद्ध कुटुंबे ‘चाय’, म्हणजे शाकाहारी, जेवणच घेतात.

उत्तर व्हिएतनाममध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी आकाराला आलेले ‘फो’ हे तांदळाच्या रुंद शेवयांचे सार मात्र फुरसतीच्या दिवसासाठी राखावे, कारण त्याचा रस्सा हाडे किंवा भाज्या कित्येक तास मंद आचेवर शिजवून करावा लागतो. त्याला सुगंध देणारे चक्रीफूल आणि दालचिनी गोडा मसाल्यातही पडतात; चक्रीफुलाचे मोठे पीक तिथल्या लांग सोन प्रांतात येते आणि व्हिएतनाममधून ते भारतातही आयात होते. गोडासाठी मूगडाळ, साखर आणि नारळाचे दूध यांची ‘चे’ नावाची खीर करावी, जी मुगाच्या कण्णाची सवय असलेल्या गोमंतकीयांना परकी वाटणार नाही.

हे सर्व एकाच दिवशी करण्याचा अट्टहास धरू नये. एका रविवारी फक्त कॉफी आणि रोल एवढाच बेत ठेवावा, घरातल्या सर्वांनी मिळून तो करावा, आणि कॉफी गळत असताना ती दुधाच्या डब्यापर्यंत कशी पोहोचली हे मुलांना अवश्य सांगावे.