केसाहून बारीक पहारेकरी

मेंदूत नायट्रिक ऑक्साइडचा साठा नसतो. चेतापेशी गरजेप्रमाणे आर्जिनिन या अमिनो आम्लापासून हा वायू बनवते. तो पेशींची पटलं सहज ओलांडून पसरतो आणि काही क्षणांत संपतो. असा वायू मोजायचा म्हणजे तो तयार होतो त्याच जागी, त्याच वेळी हजर राहायला हवं.

1988 मध्ये जॉन गार्थवेट आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या लहान मेंदूतल्या पेशींमधून रक्तवाहिनी सैलावणारा पदार्थ, म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, सुटतो हे दाखवलं. तो मोजायला पुष्कळ प्रयोगशाळा आजही 1879 च्या ग्रीस चाचणीवर विसंबतात. नायट्राइट असेल तर द्रावण गुलाबी होतं. पण नायट्राइट हा या वायूचा मागे उरलेला अवशेष. वायू केव्हा आणि कुठे निर्माण झाला, हे तो सांगत नाही.

ते सांगतो कार्बनच्या धाग्याचा सेन्सर. केसापेक्षा बारीक धाग्याचं टोक मेंदूत उतरवायचं आणि त्यावर साधारण 0.9 व्होल्टचा दाब ठेवायचा. टोकाशी आलेला रेणू इलेक्ट्रॉन सोडतो आणि अतिसूक्ष्म प्रवाह वाहतो. अडचण अशी, की त्याच दाबाला क जीवनसत्त्वही इलेक्ट्रॉन सोडतं आणि मेंदूतल्या द्रवात ते शेकडो मायक्रोमोलर असतं, म्हणजे नायट्रिक ऑक्साइडच्या हजारो पट. म्हणून धाग्यावर नॅफिऑन या बहुवारिकाचा थर देतात. हा थर ऋणभारित असल्याने ऋणभारित क जीवनसत्त्वाला दूर लोटतो. भाररहित नायट्रिक ऑक्साइड मात्र आत शिरतो. मला या उपकरणातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते: त्याचं कौशल्य पकडण्यापेक्षा नाकारण्यात आहे. धनभारित डोपामाइनला मात्र हाच थर जवळ ओढतो, म्हणून काही संशोधक त्यावर आणखी एक बहुवारिकाचा थर चढवतात.

1992 मध्ये रसायनशास्त्रज्ञ टाडेउश मालिन्स्की यांनी निकेल पॉर्फिरिनचा लेप दिलेला सेन्सर मांडला. पुढच्याच वर्षी उंदराच्या मेंदूची रक्तवाहिनी बंद केल्यावर नायट्रिक ऑक्साइडची पातळी सुमारे 10 नॅनोमोलरवरून 2 मायक्रोमोलरच्या वर गेल्याची नोंद त्यांच्या गटाने केली. मात्र निरोगी ऊतीतली खरी पातळी 100 पिकोमोलर ते 5 नॅनोमोलर असावी, असा निष्कर्ष कॅथरिन हॉल आणि गार्थवेट यांनी 2009 मध्ये उपलब्ध पुरावे तपासून काढला. इतक्या कमी पातळीवर सेन्सरची छोटीशी चूकही मोठी ठरते.

म्हणून या विषयावरचा शोधनिबंध वाचताना आधी एक आलेख शोधा: नायट्रिक ऑक्साइड बनवणारं विकर औषधाने रोखल्यावर प्रवाह खाली आला का? तो आलेख नसेल, तर आकडा मान्य करू नका.