बिराजदार विरुद्ध सत्पाल: आबांनी ‘पाहिलेली’ बेळगावची कुस्ती

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी लिहिलं होतं की ऐकायला वेळ नसतो, वाचायला द्या. म्हणून हा भाग जसा बोललो तसाच, थोडा नीट करून इथं उतरवलाय.

आजचा विषय आहे खेळातली जुनी ठसन. भारत-पाकिस्तान क्रिकेट नाही आणि मुंबई-चेन्नई आयपीएलही नाही. आपल्या लातूर-नांदेडकडच्या पारावर बसलेल्या कुठल्याही सत्तरीच्या माणसाला विचारा, ‘आबा, बेळगावची कुस्ती कसली हो?’ तो माणूस मांडी बदलून बसणार, तंबाखूची डबी बाजूला ठेवणार आणि पुढचा अर्धा तास तुमचा गेला म्हणून समजा.

ती कुस्ती म्हणजे १९७७ सालची, हरिश्चंद्र बिराजदार विरुद्ध सत्पाल. बेळगावच्या मैदानात आपल्या निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडच्या बिराजदारांनी दिल्लीच्या सत्पालला हरवलं. या एका वाक्यावर दोन-तीन पिढ्यांनी गप्पांच्या राती घालवल्यात. त्या का घालवल्या, ते आज समजून घेऊ.

हे दोघं कोण?

हरिश्चंद्र बिराजदार. कुस्तीतली माणसं त्यांना ‘मामा’ म्हणायची. १९६९ ची महाराष्ट्र केसरी स्पर्धा लातूरला झाली आणि ती मामांनी जिंकली. घरच्या मातीत, घरच्या माणसांसमोर. लक्षात घ्या, तेव्हा लातूर जिल्हासुद्धा नव्हता. तो १९८२ ला झाला, त्याआधी आपण उस्मानाबाद जिल्ह्यात होतो. शिक्षण क्लासेसचं लातूर, नीटचं लातूर, ‘लातूर पॅटर्न’ वगैरे सगळं नंतरचं. त्या काळी बाहेरच्या माणसाला लातूरची ओळख सांगायची तर मामांचं नाव पुरायचं. पुढं रुस्तुम-ए-हिंद ही पदवीही त्यांच्या नावाला लागली.

पण एक गोष्ट पारावरचे लोक पटकन सांगत नाहीत. मोठा मल्ल व्हायला मामांना मराठवाडा सोडून कोल्हापूरला जावं लागलं, गंगावेश तालमीत. कारण शाहू महाराजांनी कोल्हापुरात तालमी उभ्या केल्या, खासबागेसारखं मैदान बांधलं, मल्लांच्या खुराकाला राजाश्रय दिला. आपल्याकडं तेव्हा निजामाचं राज्य होतं. जत्रेतल्या कुस्त्या होत्या, रग होती, पण वर्षभर मल्ल सांभाळणारी व्यवस्था तशी नव्हती. म्हणून आपला पोरगा घडला तो कोल्हापूरच्या मातीत.

आता दुसऱ्या बाजूला सत्पाल. दिल्लीजवळच्या बवानाचा, १९५५ चा जन्म. म्हणजे बेळगावच्या कुस्तीवेळी बाविशीतला पोरगा. गुरू कोण, तर गुरू हनुमान. दिल्लीतल्या बिर्ला मिलच्या व्यायामशाळेत त्यांनी अख्ख्या उत्तरेचे मल्ल घडवले. सत्पालला १९७४ मध्येच अर्जुन पुरस्कार मिळाला होता. उंच, रुंद, आणि देशभर दबदबा. महाराष्ट्रात येऊन आपल्या मोठमोठ्या मल्लांशी तो लढायचा. कोल्हापूरच्या युवराज पाटलांची आणि त्याची खासबागेतली लढत तिकडचे लोक अजून सांगतात. युवराज पाटलांनी त्याला हरवलं होतं.

म्हणजे भांडण फक्त दोन माणसांचं नव्हतं. एकीकडं दिल्ली, दुसरीकडं महाराष्ट्र. आणि आपल्या लोकांसाठी त्यात आणखी एक पदर होता: महाराष्ट्राच्या बाजूनं जो उभा होता तो ना पुण्याचा होता ना कोल्हापूरचा, तो मराठवाड्याचा होता.

निकाली कुस्ती म्हणजे नेमकं काय?

हे समजल्याशिवाय त्या आठवणीची धार कळत नाही. आज आपण ऑलिंपिकमध्ये बघतो ती गादीवरची म्हणजे मॅटवरची कुस्ती. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, एकूण सहा मिनिटं. यशस्वी डावाला गुण. दहा गुणांची आघाडी झाली की खेळ खलास. बघायला वेगवान, रील करायला सोपी.

मातीतली निकाली कुस्ती वेगळी. तिथं गुण नसतात. समोरच्याचे दोन्ही खांदे मातीला लागले, तो आकाशाकडं तोंड करून चितपट झाला, की निकाल. तोपर्यंत लढायचं, मग दहा मिनिटं लागोत नाहीतर तासभर. पंचांना वाटलं तर कुस्ती बरोबरीत सुटायची, आणि तसं झालं की लोक चिडायचे.

म्हणून निकाली कुस्तीत एक वेगळंच नाट्य असतं. सुरुवातीला नुसती खडाखडी. हात हातात अडकवून ताकद अजमावायची. हलगी संथ वाजते. बाहेरच्याला वाटतं, हे काय नुसतं ढकलतायत? पण जाणकाराला दिसत असतं की कोणाचा श्वास चढलाय, कोणाचा पाय जड झालाय. मग एकदम कोणीतरी पट काढतो, किंवा ढाक लावतो, किंवा घिस्सा मारतो, आणि क्षणात सगळं मैदान उभं राहतं. हलगी चढते. दोन सेकंदांत खेळ संपतो आणि ते दोन सेकंद बघायला माणूस रात्रभर एसटीत बसून आलेला असतो.

विचार करा, तुमचा डोळा त्याच वेळी शेंगांच्या पुडीकडं गेला तर? रिप्ले नाही, कॅमेरा नाही. शेजारच्याला विचारायचं, ‘काय झालं रे?’ मग तो सांगेल ती कुस्ती. आठवणीचं बी तिथंच पडतं.

आठवण मोठी कशी होत जाते?

मी लहानपणापासून आबांकडून, म्हणजे माझ्या आजोबांकडून, ही कुस्ती ऐकली. औसा तालुक्यातलं आमचं गाव. उन्हाळ्याच्या सुटीत अंगणात बाजा टाकलेल्या असायच्या. आबा सांगायचे, ‘लेकरा, सत्पाल कसला होता म्हणतोस? सात फुटाचा गडी! मामा त्याच्या खांद्याला लागायलता निस्ता.’ पुढच्या वर्षी सत्पाल साडेसात फुटाचा व्हायचा. कुस्ती कधी पाऊण तास चालायची, कधी दीड तास. मामांनी लावलेला डावसुद्धा दरवर्षी बदलायचा. एका वर्षी एकेरी पट, दुसऱ्या वर्षी ढाक. शेवट मात्र कधी बदलला नाही. शेवटी आबा दोन्ही हात आडवे पसरायचे आणि म्हणायचे, ‘चीत!’

मोठा झाल्यावर मला याचं हसू यायचं. आता तेवढं येत नाही. कारण जगात सगळीकडं हेच चालतं. कॅनडात आइस हॉकी म्हणजे आपल्याकडचं क्रिकेट. तिथं क्वेबेक शहराचा नॉर्डिक्स आणि मॉन्ट्रिअलचा कॅनेडियन्स या दोन संघांत कडाक्याची ठसन होती. घराघरात भांडणं. १९९५ ला नॉर्डिक्स संघच विकला गेला, अमेरिकेत डेन्व्हरला गेला, नाव बदललं आणि पुढच्याच वर्षी तिथं चषक जिंकला! क्वेबेकच्या लोकांचं काय झालं असेल? पण त्यांच्या निळ्या जर्सी अजून दिसतात. जी ठसन पुन्हा होऊच शकत नाही ती लोक जास्त जपतात.

मला याची तीन कारणं दिसतात.

पहिलं, दुर्मीळपणा. आज दोन संघ वर्षातून तीनदा भिडतात. तेव्हा मोठी जोड लागायची ती क्वचित. जोड ठरल्यापासून कुस्ती होईपर्यंत महिनाभर नुसती चर्चा. निम्मी मजा त्या चर्चेतच होती.

दुसरं, माणूस आपला होता. कुस्ती संपली की मल्ल कुठल्या तरी गावच्या जत्रेत फेटा बांधून बसलेला दिसायचा. लातूरची सिद्धेश्वर यात्रा घ्या नाहीतर आपल्या नांदेडकडची माळेगावची खंडोबाची यात्रा, कुस्त्यांचा फड आलाच. बारकी पोरं रेवड्यांवर लढायची, मोठे नारळावर, मग रोख इनामावर, आणि शेवटी मानाची कुस्ती. रेवडीवर लढणारं पोरगं आणि रुस्तुम-ए-हिंद यांच्यात एकच माती होती. ‘मी पण ह्याच मातीत पडलोय’ असं म्हणता यायचं.

तिसरं कारण जरा बोचणारं आहे. आपल्या भागाला जिंकल्याच्या बातम्या कमी मिळाल्या. दुष्काळ, अनुशेष, स्थलांतर, पुढं १९९३ चा भूकंप. पेपरात मराठवाडा यायचा तो बहुतेक वेळा दुःखाच्या बातमीत. त्यामुळं एक चितपट कुस्ती लोकांनी चाळीस-पन्नास वर्षं पुरवून पुरवून वापरली.

आणि हे पण खरंच सांगायला पाहिजे की पारावरच्या गोष्टीत सत्पालवर अन्याय होतो. तिथं तो फक्त हरायला आलेला राक्षस असतो. प्रत्यक्षात याच सत्पालनं १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये १०० किलो गटात भारताला सुवर्णपदक मिळवून दिलं. समोरचा एवढा मोठा होता म्हणूनच मामांचा विजय मोठा. सत्पालला लहान करून आपण मामांनाच लहान करतो.

माती सुटली, ठसन कुठं गेली?

आता या गोष्टीचा मला सगळ्यात आवडणारा भाग. खेळ थांबवल्यावर दोघंही वस्ताद झाले. सत्पाल दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये पोरं घडवायला लागले. सुशीलकुमार त्यांचाच शिष्य, बीजिंगला कांस्य, लंडनला रौप्य. मामा पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत. लातूर जिल्ह्यातलेच काका पवार त्यांच्या हाताखाली तयार झाले, अर्जुन पुरस्कारापर्यंत गेले. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे लहानपणी मामांकडं आला, नंतर काका पवारांकडं. मामांना २००६ मध्ये ध्यानचंद पुरस्कार मिळाला. २०११ ला ते गेले.

मग आला १२ एप्रिल २०१८. ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल स्पर्धा. ५७ किलो गटात राहुल आवारेनं कॅनडाच्या मल्लाला १५-७ नं हरवून सुवर्ण जिंकलं आणि ते आपल्या दिवंगत गुरूंना, मामांना अर्पण केलं. त्याच दिवशी ७४ किलोत सुशीलकुमारनंही सुवर्ण जिंकलं. म्हणजे बेळगावला एकमेकांना पाडायला उतरलेल्या दोघांचे शिष्य एकाच दिवशी, एकाच झेंड्याखाली. ४१ वर्षांनी! कुठल्या पिक्चरवाल्यानं लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा जास्तच झालं.

दुसरा प्रसंग जानेवारी २०२० चा. बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत. माती विभागातून आपल्या लातूरचा शैलेश शेळके, गादी विभागातून नाशिकचा हर्षवर्धन सदगीर. दोघंही काका पवारांचे पठ्ठे, एकाच तालमीतले. सदगीर ३-२ नं जिंकला. आणि जिंकल्यावर त्यानं काय केलं, तर शेळकेला खांद्यावर उचलून घेतलं. तो फोटो तुमच्यापैकी कित्येकांनी स्टेटसला ठेवला असेल.

आबांचं खरं

राहुल आवारेनं पदक जिंकलं त्याच वर्षी मे महिन्यात मी गावी गेलो. म्हटलं, यावेळी आबांची गोष्ट मोबाईलवर रेकॉर्ड करायची. फोन उशाला ठेवला आणि सहज विचारलं, ‘आबा, मैदानात तुम्ही कुठल्या बाजूला बसला होता?’

आबा गप्प. बराच वेळ. मग म्हणाले, ‘मी गेलोच नव्हतो बाबा.’

जायचं ठरलं होतं. गावातले चौघं निघाले होते. आबांनी पैसेही साठवले होते. पण आदल्या आठवड्यात बैल आजारी पडला, आणि ते पैसे बैलाला गेले. चौघं गेले, आबा राहिले. कुस्तीच्या दुसऱ्या दिवशी ते पहाटेच औशाच्या स्टँडवर जाऊन पेपरच्या गाडीची वाट बघत बसले. पेपर घेऊन पायी गावात आले. गावात वाचता येणारी माणसं मोजकी. पारावर उभं राहून त्यांनी ती बातमी वाचली. कोणी उशिरा आला की पुन्हा वाचली. संध्याकाळपर्यंत वाचतच होते.

‘पंधरा-वीस डाव वाचली आसंल,’ आबा म्हणाले. ‘मग मला दिसायलीच ती कुस्ती.’

ते रेकॉर्डिंग अकरा मिनिटांचं आहे. आबा आता नाहीत. मी ते कधीकधी ऐकतो, तर मागं कुत्रं भुंकतंय, आजी भांडी घासतीय, आणि शेवटी आबा विचारतात, ‘चालू हाय का ते अजून? बंद कर, बॅटरी जाईल.’

मला खरी-खोटी कुस्ती असा हिशोब करावासा वाटत नाही. सत्पालची उंची पुस्तकात सापडेल. पण बातमी वीस वेळा वाचणारा माणूस पुस्तकात सापडणार नाही, आणि १९७७ ला विशी-पंचविशीत असलेली माणसं आता सत्तरीच्या पुढं गेलीत.

तेव्हा या भागाचा गृहपाठ सोपा आहे. सुटीत गावी गेलात की घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा: तुम्ही बघितलेली सगळ्यात भारी कुस्ती कुठली? फोन शेजारी ठेवा, रेकॉर्डिंग चालू करा, आणि मध्ये बोलू नका. सत्पाल आठ फुटाचा झाला तरी बोलू नका. सगळं सांगून झालं की मगच हळूच विचारा, ‘तुम्ही कुठं बसला होता?’

भेटू पुढच्या भागात. राम राम.