बाळ दूध टाकते तेव्हा

धरणगावसारख्या तालुक्याच्या गावी भरल्या घरात पाळणा हलू लागला, की बाळाइतकीच त्याच्या गुळणीची चर्चा होते. कोणी म्हणते, ‘आईचे दूध बाधते’; कोणी वरच्या दुधाची वाटी पुढे करते; आणि बाळंतीण बिचारी स्वतःसच दोष देत बसते. म्हणून घरातील वडीलधाऱ्यांस दोन शब्द सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

अन्ननलिका जठरास मिळते तेथील स्नायू तान्ह्या वयात कच्चे असतात. त्यातून आहार सारा पातळ व मूल बहुधा आडवे. म्हणून दूध विनासायास बाहेर येते. हा प्रकार चौथ्या महिन्याच्या सुमारास भरास येतो व बहुधा वर्ष-दीड वर्षात आपोआप मावळतो. तेव्हा दुपट्यावर किती दूध सांडले हे न मोजता बाळाचे वजन मोजावे. जन्मानंतर घटलेले वजन साधारण दोन आठवड्यांत भरून यावे व पुढे पहिले तीन महिने रोज सुमारे २० ते ३० ग्रॅम वाढावे. गुळणी टाकूनही जे मूल हसते, वरचेवर लघवी करते व बाळसे धरते, त्यास औषध नको आणि त्याच्या आईस बोल नको. थोडे थोडे पाजावे, ढेकर काढावी, अर्धा तास उभे धरावे. निजवावे मात्र उताणेच. सहा महिन्यांपर्यंत आईचेच दूध द्यावे. गुटी नको, आणि मध तर वर्षाच्या आत मुळीच नको.

परंतु ओकारी हिरवी झाली, तर ती एकदाच का होईना, आतड्यास पीळ पडल्याची शंका धरून तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्याच्या सुमारास दर पाजण्यामागून पिचकारीसारखी ओकारी होऊन मूल पुन्हा भुकेले होत असेल, तर जठराचे खालचे तोंड अरुंद झालेले असू शकते. पिताना घाम व धाप लागणे हे हृदयविकाराचे लक्षण असू शकते. रक्त पडणे, ताप, फुगलेली टाळू, दूध ओढणे सोडणे, लघवी मंदावणे, यांपैकी काहीही दिसल्यास दिवस-रात्र पाहू नये.

जळगावी २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. पहिल्या ४२ दिवसांत आशाताई घरी येऊन वजन करतात. ते आकडे नीट जपावेत. वैद्यांपुढे दहा जणांच्या दहा मतांपेक्षा तो एक कागद अधिक बोलतो.